पावसाळ्यासाठी घोड्याचा हलका वॉटरप्रूफ रग कसा निवडायचा: ठाणे-नवी मुंबईतल्या नवीन घोडेवाल्यांसाठी

मे अर्धा सरला की तबेल्यात एकच विषय सुरू होतो, यंदा रग कुठला घ्यायचा. नवीन घोडा घेतलेले लोक मोबाईलवर परदेशी दुकानं बघत बसतात, फोटोत घोडा बर्फात उभा, अंगावर जाडजूड रग, सेलमध्ये किंमत निम्मी, झालं, ऑर्डर. मुंबईत मॉन्सून यायची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून, त्यामुळे घाईपण असते. आणि मग जुलैत तोच घोडा, पावसाचा थेंब लागला नाही पण आत घामाने चिंब, आणि मालक विचारतोय की एवढा महागाचा रग घेतला तर अंगावर खपल्या कशा आल्या.

म्हणून आधीच सांगते, आपल्याकडे रग थंडीसाठी घ्यायचाच नसतो. येऊर बघा, घोडबंदर रोड बघा, खारघर-पनवेल बघा, भर पावसातसुद्धा पारा २४-२५ च्या खाली क्वचितच जातो. रगचं काम इतकंच की पाठीवर तासन्‌तास पडणारं पाणी अडवायचं आणि ते अडवताना घोड्याला आत उकडू द्यायचं नाही. यातला पहिला भाग सोपा आहे, दुकानात मिळणारा कुठलाही रग करतो. खाली जे काय लिहिलंय ते जवळजवळ सगळं दुसऱ्या भागासाठी.

अजून एक, नावांचा घोळ होतो तो आधी मिटवू. टर्नआउट रग म्हणजे घोडा पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत, सोडताना घालायचा, तोच वॉटरप्रूफ असतो. स्टेबल रग तबेल्यात घालायचा, दिसायला डिट्टो पण पाणी लागलं की पिऊन जड होतो. फ्लाय शीट जाळीची, माश्यांसाठी. कूलर बहुतेक फ्लीसचा, रायडिंग झाल्यावर घाम सुकवायला. ऑनलाइन ऑर्डर करताना "हॉर्स ब्लँकेट" एवढंच लिहिलं असेल तर विकणाऱ्याला विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण त्या एका नावाखाली हे चारही विकले जातात.

पायरी १: रग लागतो का, हे आधी ठरवा

ही पायरी लोक गाळतात. घोड्याचं शरीर साधारण ५ ते २५ अंश सेल्सिअसमध्ये मजेत असतं, म्हणजे त्या रेंजमध्ये त्याला गरम राहायला किंवा गार व्हायला जास्तीची मेहनत करावी लागत नाही. शिवाय चारा पचताना मोठ्या आतड्यात जी आंबवण्याची क्रिया चालते त्यातून भरपूर उष्णता तयार होते, पोटात गवत असलेला घोडा आतून गरमच असतो. आता ठाण्याचा जुलै आठवा, २६-२८ डिग्री आणि हवेत दमटपणा ८०-९० टक्के. म्हणजे आपला घोडा त्या रेंजच्या वरच्या टोकाला किंवा बाहेरच उभा आहे. त्याच्या अंगावर आणखी एक थर चढवायचा तर काहीतरी ठोस कारण पाहिजे ना.

कारणं असतात, नाही असं नाही. रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड आपल्याकडे बरेच येतात, महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरून, त्यांची कातडी पातळ, केस बारीक, आणि त्यांना जन्मभर छपराखाली राहायची सवय असते. पाठीवर सतत पाणी पडलं की पहिले तेच कुरकुरतात. म्हातारे घोडे, आजारातून उठलेले, वजन न धरणारे, क्लिप केलेले, म्हणजे अंगावरचे केस मशीनने कापलेले, यांनापण उपयोग होतो. ज्या पॅडॉकमध्ये शेड नाही तिथे तर पर्यायच नसतो. आणि एक साधं व्यवहारी कारण, संध्याकाळी रायडिंग आहे आणि पाठ ओली चिखलाची असेल तर त्यावर खोगीर ठेवून तंग आवळला की घासून जखम होणार, मग आठवडाभर खोगीर बंद.

उलट चांगल्या अंगाचा मारवाडी किंवा काठियावाडी, वर शेड, पायाखाली उंच कोरडी जागा, तर त्याला रग नसला तरी चालतो. त्याला हवं तेव्हा तो पावसात उभा राहील, हवं तेव्हा शेडखाली येईल. रगच्या पैशात शेडचे दोन पत्रे वाढवून गळती बंद केली तर घोडा जास्त दुवा देईल असं माझं मत आहे, आणि ते तबेल्यात फारसं कोणाला आवडत नाही.

पाऊस आणि कातडी यावर थोडं सविस्तर, कारण मुद्दा तिथे आहे. सतत ओल राहिली की पाठीवर, पुठ्ठ्यावर बारीक खपल्या धरतात, खपली ओढली की केसांचा झुबका मुळासकट हातात येतो. याला रेन स्काल्ड किंवा रेन रॉट म्हणतात, डर्मॅटोफिलस नावाचा जिवाणू करतो, आणि लोकांना वाटतं तशी ती बुरशी नसते. त्याला दोनच गोष्टी लागतात, ओल आणि थोडी दुखावलेली कातडी. ही ओल पावसाची आहे की रगखालच्या घामाची, त्याला काही फरक पडत नाही. त्यामुळे चुकीचा रग हा रग नसण्यापेक्षा वाईट, निदान उघड्या पाठीला वारा तरी लागतो. आधीच खपल्या दिसत असतील तर वर रग घालून झाकू नका, डॉक्टरला दाखवा, आणि त्या घोड्याचा रग, खराऱ्याचा ब्रश दुसऱ्या घोड्याला अजिबात वापरायचा नाही.

पायरी २: लेबलवरचे चार आकडे

रगच्या पाकिटावर बरंच काही छापलेलं असतं, त्यातलं चारच बघायचं.

फिल, म्हणजे आतला कापूस. खरं तर पॉलिफिल असतो पण बोलताना सगळे कापूसच म्हणतात. दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असा आकडा. साधारण ० ते १०० ग्रॅम म्हणजे लाइटवेट, १५० ते २५० मिडियम, ३०० आणि वर हेवी. इथे गंमत अशी की "लाइटवेट" लिहिलेला रग १०० ग्रॅमचाही असू शकतो आणि शून्याचाही. आपल्याला शून्य पाहिजे, झिरो फिल, लेबलवर ० ग्रॅम लिहिलेलं असलं पाहिजे. ५० ग्रॅमसुद्धा नको. "थोडा कापूस असलेला बरा, रात्री गारठा असतो" हे वाक्य नाशिककडे किंवा महाबळेश्वरला ठीक आहे, कळव्यात नाही.

डेनियर, म्हणजे वरच्या कापडाच्या धाग्याची जाडी. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. ६०० डेनियर हा कॉमन आकडा, १२०० चांगला मजबूत, १६८० म्हणजे एकमेकांना चावणाऱ्या, कुंपणाला घासणाऱ्या उपद्व्यापी मंडळींसाठी. डेनियर वाढला की वजन वाढतं, त्यामुळे घोडा शांत आणि एकटा सुटत असेल तर ६०० घ्या, बाकीच्यांनी ९०० ते १२००. रिपस्टॉप विणीचा असेल तर उत्तम, त्यात ठरावीक अंतरावर जाड धागे असतात आणि फाटलं तरी चीर लांबत नाही. येऊरच्या बाजूला काटेरी झुडपं बघता हे कामाचं आहे. आणि हो, डेनियरचा पाणी अडवण्याशी थेट संबंध नाही. जास्त डेनियर म्हणजे जास्त वॉटरप्रूफ, असं दुकानदार ठोकून देतात.

वॉटरप्रूफ रेटिंग मिलिमीटरमध्ये असतं. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरायचा, किती उंचीला पाणी आत झिरपायला लागलं तो आकडा. रगवर बऱ्याचदा ३००० लिहिलेलं असतं आणि तेवढं आपल्याला चालतं. हे पावसाचे मिलिमीटर नाहीत बरं का! ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिमीच्या आसपास पडतो म्हणून तीन हजारचा रग वर्षभर पुरेल, हे गणित मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. घोडा ओल्या जमिनीवर आडवा झाला की त्याच्या वजनाने कापडावर जोरात दाब येतो आणि तिथून पाणी आत येतं, तेव्हा सकाळी कुशीला थोडी ओल दिसली तर लगेच रग खराब म्हणून भांडू नका. पाठीवर, शिवणीच्या रेषेत ओल दिसली तर भांडा.

ब्रीदेबिलिटी हा चौथा आकडा, आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आणि लेबलवर सगळ्यात जास्त वेळा गायब. २४ तासांत एक चौरस मीटर कापडातून किती ग्रॅम वाफ बाहेर जाते ते. ३००० किंवा वर असेल तर बरं, आकडाच नसेल आणि नुसतं "ब्रीदेबल" लिहिलं असेल तर तो आकडा मेसेज करून विचारा. उत्तर टाळलं तर समजून जा.

आता इथे एक खाचखळगा आहे जो परदेशी माहितीत सापडत नाही, कारण त्यांना गरज नाही. वाफ कापडातून बाहेर जाते ती आत जास्त दमट आणि बाहेर कमी दमट असेल तर. जेवढा फरक मोठा तेवढी ती पटकन जाते. आयर्लंडच्या गार हवेत तो फरक मोठा असतो. आपल्याकडे बाहेरच ८५-९० टक्के दमटपणा, मग वाफेने जायचं कुठे? म्हणजे चांगल्यातला चांगला ब्रीदेबल रगसुद्धा इथे लेबलपेक्षा कमी काम करतो. रेनकोट घालून संध्याकाळच्या कसारा फास्टमध्ये उभं राहून बघा, घोड्याला काय वाटत असेल ते लगेच कळेल. त्यामुळे जितकी ब्रीदेबिलिटी मिळेल तितकी घ्या, पण घालून ठेवून विसरून जाता येईल असा रग ठाण्यात मिळत नाही, कितीही पैसे टाका.

पायरी ३: माप

यासाठी जवळ हे असू द्या:

- शिंप्याचा मऊ टेप, निदान अडीच मीटरचा, दीड मीटरचा कमी पडतो (नसला तर सुतळी लावून मग ती सुतळी मोजा, पण ताणणारी नको)
- घोडा धरायला एक माणूस, शक्यतो त्याचा नेहमीचा सईस
- सपाट जागा, घोडा चारी पायांवर सरळ उभा
- फोन, मापं आणि बाजूने काढलेला फोटो ठेवायला

माप घ्यायचं ते छातीच्या बरोबर मध्यापासून, खांद्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून, टेप आडवा ठेवत मागे पुठ्ठ्याच्या शेवटापर्यंत, म्हणजे जिथे शेपटीची बाजू सुरू होते तिथपर्यंत. टेप पोटाकडे झुकला की दोन-तीन इंच वाढतात. दोनदा घ्या, जुळलं नाही तर तिसऱ्यांदा.

मग येतो साइजचा गोंधळ. ब्रिटिश आणि आयरिश रग फूट-इंचात असतात, ५ फूट ६, ५ फूट ९, ६ फूट, असे तीन-तीन इंचांनी वाढत जाणारे. अमेरिकन रग तेच माप नुसत्या इंचात सांगतात, म्हणजे ६ फूट म्हणजे ७२. युरोपातले रग सेंटिमीटरमध्ये, पण ते वेगळं माप आहे, विदर्सपासून (मान संपते तिथला खांद्यांवरचा उंचवटा) शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी, त्यामुळे तुमच्या ७२ इंचाचे १८३ सेंटिमीटर करून युरोपियन रग मागवलात तर तो तंबू येईल. त्यांच्याकडे १३५-१४५ असे आकडे असतात. प्रत्येक कंपनीचा स्वतःचा तक्ता असतो, तोच बघायचा.

अंदाजासाठी सांगते, १४.२ हॅंडच्या (हॅंड म्हणजे चार इंच, १४.२ म्हणजे १४ हॅंड आणि २ इंच उंची) आसपासचा मारवाडी बऱ्याचदा ५ फूट ९ मध्ये बसतो, १५.२ चा थरोब्रेड ६ फुटात, १६ चा ६ फूट ३ मध्ये. पण उंचीवरून साइज मागवू नका, हे फक्त टेपने भलताच आकडा आला तर संशय यावा म्हणून. मधलं माप आलं तर? थरोब्रेडला आणि आपल्या देशी घोड्यांना, अंगाने सडपातळ असतील तर, मी लहानाकडे झुकीन. मोठा रग मागे घसरतो, मग विदर्सवर ओढ बसते आणि तिथले केस जातात. रुंद छातीच्या, जाड मानेच्या घोड्याला वरचा साइज.

पायरी ४: शिलाई आणि पट्टे

पाठीच्या कण्यावरून शिवण जाणारा रग नको, पाणी तिथूनच येतं. बाकीच्या शिवणी आतून टेप केलेल्या असाव्यात, उलटा करून बघा, टेप दिसतो.

अस्तर दोन प्रकारचं, जाळीचं किंवा गुळगुळीत नायलॉन-पॉलिएस्टर. आपल्या हवेत मी जाळीच्या बाजूची, कातडी आणि कापड यांच्यात थोडी हवा राहते. त्रास एवढाच की जाळीत गवताचे कुसळे अडकतात आणि ते रोज झटकावे लागतात, न झटकता घातला की टोचून घोडा भिंतीला घासत बसतो. गुळगुळीत अस्तर खांद्याच्या भागात मात्र हवंच, नाहीतर खांद्यावर टक्कल. खांद्याजवळ गसेट, म्हणजे जादा कळी, असेल तर चालताना रग ओढला जात नाही.

मानेचं कव्हर नको. घोडा मान-छातीकडून उष्णता बाहेर टाकू शकला पाहिजे. सुटं काढता येणारं मानेचं कव्हर सोबत मिळत असेल तर ठेवून द्या, फार तर एखाद्या वादळी दिवशी वापराल.

रंग फिका. काळा-नेव्ही ब्लू दिसायला भारी, चिखल दिसत नाही, पण श्रावणात दहा मिनिटं ऊन पडलं की आत भट्टी. पट्टे: छातीला दोन बकल, पोटाखालून दोन क्रॉस पट्टे, मागच्या पायांना पट्टे किंवा शेपटीखालून दोरी, आणि शेपटीवर झडप. झडप मोठी असलेली बरी, नैऋत्येचा वारा पाऊस मागून आडवा मारतो, विशेषतः उलवे-पनवेलच्या मोकळ्या जागेत, आणि घोडे वाऱ्याकडे पाठ करूनच उभे राहतात.

पायरी ५: कुठून घ्यायचा

कानपूर हे आपल्याकडचं घोड्याच्या सामानाचं मोठं केंद्र, तिथल्या सॅडलरीला जीआय टॅग आहे, आणि खोगीर-लगामांबरोबर रगही तिथे बनून परदेशी जातात. थेट तिथल्या विक्रेत्यांकडून मागवता येतात, काही जण तुमच्या मापाचा शिवूनही देतात. फायदा असा की फोनवर हिंदीत नीट बोलता येतं, "झिरो फिल, जाळीचं अस्तर, बीच में सिलाई नहीं" एवढं स्पष्ट सांगा, कापडाचा छोटा तुकडा आधी कुरियरने मागवा, आणि जीएसटी बिल घ्या, बदलून घ्यायची वेळ आली तर तेच लागतं.

डेकॅथलॉनचा फुगांझा हा घोडेस्वारीचा ब्रँड आहे, दुकानात माल असेलच असं नाही, ॲपवर साइज बघून जा. परदेशी ब्रँडमध्ये हॉर्सवेअर आयर्लंडचे रॅम्बो-अमिगो, वेदरबीटा, बुकास ही नावं ऐकाल, त्यांच्या झिरो फिलच्या मॉडेलना इथे अर्थ आहे, बाकीच्या कॅटलॉगकडे बघूही नका. बाहेरून मागवलात तर कस्टम ड्युटी वर लागते आणि कुरियरवाला केवायसी मागतो, आधार-पॅनच्या कॉपी तयार ठेवा, नाहीतर पार्सल अडकून पडतं आणि इकडे मृगाचा पाऊस सुरू झालेला असतो. परत पाठवणं म्हणजे रगच्या किमतीएवढा खर्च, म्हणून माप, माप आणि माप. एप्रिलमध्ये मागवा.

आणि आता ती निळी ताडपत्री. दर वर्षी कोणीतरी हुशार माणूस सांगतो की कशाला एवढे पैसे, ताडपत्री आणा, नाहीतर रेनकोट शिवणाऱ्याकडून प्लास्टिकची झूल शिवून घ्या, पाण्याचा थेंब येणार नाही. बरोबर आहे, येणार नाही. जाणारही नाही. तासाभरात आत घामाचं पाणी साचतं, कडा कापतात, आणि वाऱ्यात फडफडून घोडा बिथरतो ते वेगळंच. लग्नाच्या वरातीच्या झुली तर अजिबातच नाहीत, मखमल पाणी पिते.

पायरी ६: टॅग काढायच्या आधी घरीच टेस्ट

दोन खुर्च्यांमध्ये रग पसरा, मध्ये खोलगट होऊ द्या, त्यात दोन-तीन लिटर पाणी ओता आणि अर्धा तास सोडून द्या. खाली वर्तमानपत्र. ओल दिसली तर कुठून, ते बघा, शिवण असेल तर सरळ परत. नवीन रग पहिल्या भिजण्यात शिवणीच्या भोकांतून किंचित झिरपू शकतो, दोरा फुगला की बंद होतं, म्हणून वाळवून परत एकदा करा आणि मग ठरवा. अर्थात ही टेस्ट केली की काही विक्रेते "वापरलेला" म्हणून परत घेत नाहीत, आधी विचारून घ्या.

वाफेची टेस्ट: स्टीलच्या ग्लासात कडकडीत गरम पाणी, त्यावर रगचं कापड ताणून धरा, अस्तराची बाजू खाली, आणि वर काचेचा गार ग्लास उपडा. थोड्या वेळात वरच्या काचेवर धुकं धरलं तर वाफ जातेय. काच कोरडीच राहिली तर तो रग आपल्या कामाचा नाही, बिलावर काहीही लिहिलेलं असो.

घोड्यावर घालून बघताना मात्र खाली जुनी स्वच्छ चादर घाला, रगला केस लागले की बदलून मिळणं संपलं. घालून झाल्यावर त्याला मान खाली घालून गवत खाऊ द्या. विदर्सवर ताण येतोय का, खांद्यावर कापड घट्ट बसतंय का, हे उभ्या घोड्यात कळत नाही, चरताना कळतं. विदर्सखाली हात सहज गेला पाहिजे. पोटाचे पट्टे आणि पोट यांच्यात चार बोटांची आडवी मूठ, साधारण चार इंच, त्याहून सैल सोडले तर लोळताना पाय अडकतो.

पायरी ७: घालायचा क्रम

आधी खरारा, अंग कोरडं आणि स्वच्छ. रग मानेकडे थोडा पुढे टाकून मग मागे सरकवा, केस बसल्या दिशेने राहतात. पुढे ओढायचा नाही. जास्त मागे गेला तर काढून परत घाला.

बांधताना छाती, मग पोट, मग मागचे पाय. सोडताना उलटं, पाय, पोट, छाती. मागचे पट्टे बांधलेले आणि पुढचे सुटे अशा अवस्थेत घोडा बुजला तर रग मागे घसरून पायात येतो, म्हणून हा क्रम. पायाचे पट्टे एकमेकांतून ओवून घ्या म्हणजे मांडीला घासत नाहीत. नवीन घोड्याला कापडाच्या सळसळीची भीती वाटते, पहिले काही दिवस तबेल्यातच, कोणीतरी धरलेलं असताना, आणि बाजूला चंदी ठेवून घाला.

पायरी ८: रोजचं रुटीन, खरी मेहनत इथे

रग कोणता घेतला यापेक्षा तो कधी काढला यावर घोड्याची पाठ ठरते. सकाळी जोराचा पाऊस असेल तर घालून सोडा. तास-दीड तासाने कोपराच्या मागे आणि खांद्यावर रगखाली हात घाला. कोरडं, कोमट, ठीक आहे. चिकट किंवा ओलं, काढा, पाऊस चालू असला तरी काढा. कानाला हात लावून अंदाज घ्यायची सवय अनेकांना असते, कान आपल्या हवेत काही सांगत नाहीत. श्वास जोरात चालला असेल, घोडा सुस्त असेल तर थर्मामीटर लावा, निवांत उभ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ असतं. त्याच्या वर गेलं तर रग काढून ओल्या कपड्याने पुसा आणि डॉक्टरला फोन.

पाऊस थांबला, ऊन आलं, की रग निघालाच पाहिजे. श्रावणात हे दिवसातून चारदा होतं, आणि इथेच तबेल्याचा माणूस महत्त्वाचा. सईसमामांकडे दहा घोडे असतात, त्यांना तुमच्या एकट्याच्या रगची धावपळ परवडणारी नाही, त्यामुळे आधीच बसून नीट ठरवा, पाऊस थांबला की काढायचा, फोनची वाट बघायची नाही. त्या जादा कामाचे वेगळे पैसे द्या, उगाच माणुसकीवर सोडू नका. ठाण्यातून पनवेलला मालक संध्याकाळी पोचेपर्यंत घोडा दिवसभर रगात उकडत उभा, हे प्रकार त्यातूनच होतात.

दिवसातून निदान एकदा रग पूर्ण काढून पाठ, खांदे, छाती, पायाच्या पट्ट्यांची जागा बोटांनी चाचपा. डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना खपली लागते.

रेड अलर्ट, ऑरेंज अलर्ट असेल त्या दिवशी टर्नआउटच नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता, तसल्या दिवसासाठी रग बनलेला नसतो. विजांच्या वेळीही घोडा आत. येऊरवाल्यांनी अंधार पडायच्या आत आणावा, राष्ट्रीय उद्यान शेजारी आहे आणि बिबट्याला रगचं कौतुक नसतं.

गोमाश्यांबद्दल विचारतात. पावसाळ्यात त्या वाढतात आणि सरा नावाचा रक्तातला आजार त्यांच्या चावण्यातून पसरतो. रगने पाठ झाकली जाते, पण पाय, पोट, मान उघडीच. सरासाठी रगवर विसंबू नका, वेळच्या वेळी रक्ततपासणीचं डॉक्टरांशी बोलून घ्या.

जमलं तर दोन रग ठेवा. आपल्याकडे ओला रग एका रात्रीत सुकत नाही, पंख्याखालीही नाही, आणि अर्धओला परत घालणं म्हणजे खपल्यांना आमंत्रण. दोन महागडे परवडत नसतील तर दोन साधे पण ब्रीदेबल घ्या, एका भारीपेक्षा ते उपयोगी.

पायरी ९: धुणं, डागडुजी, ठेवणं

चिखल सुकू द्या, मग ब्रशने झाडा, मग साध्या पाण्याचा पाइप. बस. कपडे धुवायची पावडर, गरम पाणी, ब्लीच, ड्रायर यातलं काहीही लावलं तर वरचा पाणी घसरवणारा थर जातो, आणि पुढच्या पावसात कापड पाणी प्यायला लागतं. फार मळला तर ३० अंशांपर्यंतच्या पाण्यात रगसाठीचं किंवा रेनजॅकेटसाठीचं लिक्विड वापरा. धोब्याकडे देऊ नका, तो प्रेमाने धुतो आणि वाट लावतो. उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर वाळत घाला, ऊन कोटिंग खातं.

पाणी थेंबाथेंबाने घसरायचं बंद होऊन कापडावर पसरायला लागलं की रीप्रूफिंग स्प्रे मारायची वेळ झाली. ट्रेकिंगच्या दुकानात मिळतो, निकवॅक्स वगैरे, रगवर चालतो. कोरड्या, स्वच्छ रगवरच मारायचा.

पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपतो आणि लगेच ऑक्टोबर हीट, तेव्हा रग लगेच आत टाका. पूर्ण सुकलेला, सैल घडी, झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात. गोणीत भरून माळ्यावर टाकला तर उंदीर बाळंतपण त्यातच करतात.

फाटलं तर स्टेशनबाहेर छत्र्या-बॅगा दुरुस्त करणारे बसतात त्यांच्याकडे न्या, जाड सुई-दोरा त्यांच्याकडे असतो, शिंप्याच्या मशीनवर हे कापड चालत नाही. फक्त सुईची प्रत्येक टोच म्हणजे पाण्याला एक भोक, म्हणून शिवल्यावर आतून सीम सीलर लावा आणि दोन खुर्च्यांची टेस्ट परत करा. पायाच्या पट्ट्यांचं इलॅस्टिक बहुतेक दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ढिलं पडतं, तेही त्याच माणसाकडून मे महिन्यात बदलून घ्या, जूनमध्ये त्याच्याकडे छत्र्यांची रांग असते.